स्कूबा डायव्हिंगमधील कानाच्या इजा

पाण्याखाली बाहेरचा दाब आणि कानातील बंदिस्त हवेचा दाब यांत फरक पडल्याने कानाचा पडदा, मध्यकर्ण किंवा आंतरकर्ण यांना होणारी दुखापत. डायव्हिंग करणाऱ्यांत हीच दुखापत सर्वाधिक आढळते. बहुतेक वेळा ती पूर्ण बरी होते. मात्र आंतरकर्णाची इजा वेळीच ओळखली गेली नाही तर कायमचे बहिरेपण येऊ शकते. पुन्हा पाण्यात केव्हा उतरावे हे किती दिवस लोटले यापेक्षा कानाचा कोणता भाग दुखावला आणि त्याचे काम पूर्ववत झाले का, यावर ठरते.

समुद्रसपाटीला शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दाब वाढेल त्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते, हा रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये मांडलेला नियम येथे लागू पडतो. पृष्ठभागापासून 10 मीटर खाली जाताना हवा निम्मी होते; 30 मीटरवरून 40 मीटरवर जाताना ती केवळ एक-पंचमांशाने आकसते. उथळ पाण्यात कानाला धोका नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या काही मीटरांत. मालवण, तारकर्ली किंवा गोव्यातील ग्रँड आयलंड येथे पोहणेही न येणारे पर्यटक प्रशिक्षकाबरोबर ज्या खोलीवर जातात, ती नेमकी हीच.

मध्यकर्ण म्हणजे पडद्याच्या आतली हवेची लहानशी पोकळी. तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी एकच वाट आहे: नाकामागे घशात उघडणारी यूस्टेशियन नळी. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्यावरून तिला हे नाव पडले. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. मध्यकर्णातली जास्तीची हवा तिच्यातून सहज बाहेर पडते, पण बाहेरची हवा आत जायला तिला मुद्दाम उघडावे लागते. म्हणूनच बहुतेक इजा वर येताना नव्हे, तर खाली जाताना होतात. हवा आत पोहोचली नाही तर पडदा आत ओढला जातो, कानाला दडा बसतो आणि ठणका लागतो. साधारण सव्वा मीटर खोलीइतका दाबफरक साचला, म्हणजे सुमारे 90 मिलिमीटर पारा, की नळीचे तोंड घट्ट दाबले जाते आणि स्नायूंना ते उघडता येत नाही. तिथून पुढे कितीही जोर लावला तरी कान मोकळा होत नाही. थोडे वर येणे हाच उपाय असतो. तसेच खाली जात राहिल्यास पोकळीतली सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी सुजते, पाझरते, फुटते. शेवटी पडदा फाटतो. तो फाटताच दुखणे एकदम थांबते, पण थंड पाणी मध्यकर्णात शिरून आंतरकर्णाला चेतवते आणि भोवळ येते. पाण्याखाली दिशाभान सुटणे हा त्यातला खरा धोका.

या इजेची तीव्रता पडदा पाहून ठरवतात. अमेरिकी नौदलातील डॉक्टर वॉलेस टीड यांनी पाणबुडीतील कर्मचाऱ्यांच्या तपासणीवरून 1944 मध्ये दिलेली श्रेणी, काही फेरफारांसह, आजही वापरली जाते. लक्षणे आहेत पण पडदा निर्दोष, येथपासून लाली, पडद्यात थोडा रक्तस्राव, मोठा रक्तस्राव, मध्यकर्णात साठलेले रक्त आणि भोक अशी ती चढत जाते.

दाब सारखा करण्याच्या रीती अनेक आहेत. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकण्याच्या रीतीला अंतोनिओ वाल्साल्वा (1666–1723) यांचे नाव आहे. नाक धरून गिळण्याची रीत जोसेफ टॉयन्बी यांच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंझेल रीतीत छातीचा जोर न लावता जिभेच्या हालचालीने हवा ढकलली जाते. रीत कोणतीही असो, दडा बसण्याआधीच, पाण्यात शिरता शिरता आणि नंतर वारंवार ती करावी लागते. दोर धरून, पाय खाली ठेवून सावकाश उतरल्यास कान अधिक सहज मोकळे होतात. सर्दी, सायनसची सूज किंवा ॲलर्जी असताना उतरू नये. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणे ही पळवाट फसवी आहे: पाण्याखाली असतानाच औषधाचा असर ओसरला, तर वर येताना फुगणारी हवा मध्यकर्णात अडकते. कान दुखत असल्याची खूण म्हणजे सपाट हात डोलवून कानाकडे बोट दाखवणे. ती पहिल्यांदाच उतरणाऱ्याला काठावरच पक्की शिकवायला हवी.

आंतरकर्णाची इजा कमी आढळते, पण तीच गंभीर. ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे अवयव येथे द्रवात बुडालेले असतात आणि मध्यकर्णापासून त्यांना दोन छोट्या गवाक्षांवरील नाजूक रचना वेगळे ठेवतात. बसलेला दडा काढण्यासाठी जोराने फुंकले की डोक्यातील दाब वाढून या द्रवापर्यंत पोहोचतो. गोल गवाक्षाचा पापुद्रा फाटून द्रव मध्यकर्णात झिरपू शकतो. ऐकू कमी येणे, कानात सतत आवाज आणि गरगरणे ही लक्षणे लगेच दिसतात, किंवा काही तासांनी सिलिंडर उचलण्यासारख्या जोराच्या कामानंतर प्रकटतात. 512 हर्ट्झचा नादकाटा कपाळावर टेकवून प्राथमिक फरक कळतो: मध्यकर्णाच्या इजेत आवाज दुखऱ्या कानाकडे सरकतो, आंतरकर्णाच्या इजेत चांगल्या कानाकडे. पक्के निदान श्रवणचाचणीनेच होते. अशी लक्षणे असलेल्याने डोके उंच ठेवून पडून राहावे, नाक शिंकरू नये, कुंथू नये, जड उचलू नये आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. खोल किंवा लांबलेल्या डाइव्हनंतर हीच लक्षणे रक्तात सुटलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळेही येतात. त्यावर दाबकक्षातील उपचार तातडीने लागतो, तर फाटलेल्या गवाक्षाला तोच दाब अपायकारक ठरू शकतो. त्यामुळे खोली, वेळ आणि लक्षण नेमके कधी सुरू झाले ही माहिती डॉक्टरांना देणे फार मोलाचे असते.

वर येताना दोन्ही कानांतला दाब असमान राहिल्यास क्षणिक भोवळ येते. ती सहसा आपोआप जाते. बाह्यकर्णाला घट्ट बसलेला मळ किंवा इअरप्लग यांमुळे इजा होते, म्हणून डायव्हिंगमध्ये कानात साधे बोळे घालत नाहीत. रोज पाण्यात असणाऱ्यांना कर्णनलिकेचा जंतुसंसर्ग होतो.

घरगुती उपायांपैकी कानात लसणीचे किंवा कोमट तेल घालणे येथे कटाक्षाने टाळावे. पडद्याला भोक असल्यास तेल थेट मध्यकर्णात जाते. काही प्रतिजैविक थेंबही तशा स्थितीत आंतरकर्णाला विषारी ठरतात, म्हणून पडदा पाहिल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत.

पुन्हा उतरण्यासाठी किमान अट तीन भागांची आहे: लक्षणे नाहीत, पडदा निरोगी दिसतो आणि औषधाशिवाय दोन्ही कान सहज मोकळे होतात. केवळ लाली असल्यास काही दिवस ते आठवडाभर पुरतात. रक्त किंवा द्रव साठला असेल तर तो निचरायला काही आठवडे लागतात. फाटलेला पडदा बहुधा आपोआप भरून येतो, पण नवा पापुद्रा पातळ असतो. तो भरल्यावरही साधारण दोन महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. संसर्ग पूर्ण बरा होईपर्यंत उतरू नये. पहिली डाइव्ह उथळ आणि दोराच्या आधाराने करावी, आणि पहिल्या दोन मीटरांत कान मोकळा झाला नाही तर ती तिथेच सोडावी.

आंतरकर्णाच्या इजेनंतर डायव्हिंग कायमचे बंद, असा नियम पूर्वी सरसकट पाळला जाई. सल्ला न मानता उतरत राहिलेल्या काही जणांचे श्रवण पुढे बिघडले नाही, असे 1990 च्या दशकात आढळल्यावर तो थोडा सैल झाला. आता श्रवण आणि तोल स्थिर असणे, कान सहज मोकळे होणे आणि डायव्हिंगचे ज्ञान असलेल्या तज्ज्ञाची संमती या अटींवर, कित्येक महिन्यांनी, परवानगी मिळू शकते. मात्र पडद्याला भरून न येणारे भोक, पडद्यात बसवलेली नळी, मेनिएर विकार किंवा वारंवार येणारी भोवळ असलेल्यांनी उतरू नये. ज्याला एकाच कानाने ऐकू येते, त्याच्याबाबत बहुतेक तज्ज्ञांचा कौल नकाराचाच असतो आणि तो योग्य आहे.