जंताचे औषध आणि राहून गेलेला गट

लेव्हामिसोल हे गुरामेंढ्यांना देतात ते जंतनाशक. पॉल यान्सेन यांच्या बेल्जियममधील प्रयोगशाळेत १९६६ साली ते तयार झाले. त्याने जंताचे स्नायू आखडतात, तो लुळा पडतो आणि शरीराबाहेर टाकला जातो. पुढे उंदरांवरील प्रयोगांत या औषधाने प्रतिकारशक्ती वाढल्याचे दिसले आणि कर्करोगतज्ज्ञांचे लक्ष तिकडे वळले.

१९९० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या रुग्णांचे तीन गट होते : केवळ शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेनंतर लेव्हामिसोल, आणि शस्त्रक्रियेनंतर लेव्हामिसोल व फ्लुओरोयुरॅसिल. तिसऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण पहिल्यापेक्षा ३३ टक्क्यांनी घटले. एकट्या लेव्हामिसोलने मात्र फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत या जोडीला मान्यता मिळाली.

यात कोणता गट राहून गेला? एकट्या फ्लुओरोयुरॅसिलचा! पूर्वीच्या चाचण्यांत ते फारसे उपयोगी ठरले नव्हते, म्हणून तो गट घेतला नव्हता. त्यामुळे श्रेय कोणाचे, हे ठरेना. अखेर २००० साली ब्रिटनमधील क्वासार चाचणीने उत्तर दिले. फ्लुओरोयुरॅसिल व फोलिनिक आम्ल घेणाऱ्या रुग्णांत लेव्हामिसोल आणि औषधहीन गोळी यांची तुलना केली, तेव्हा लेव्हामिसोलचा काहीच लाभ आढळला नाही. शिवाय त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घातक प्रमाणात घटू शकतात. अमेरिकेत माणसांसाठीचा त्याचा वापर थांबला. गुरांसाठीचा चालू राहिला.

आज इतर जंतनाशकांविषयी असेच दावे कानांवर येतात. विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारायला शिकवू या : तुलना कोणाशी केली?