एका रेघेचा इतिहास

शाळेच्या विज्ञानाच्या वहीत पाण्याचा रेणू काढताना ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामध्ये एक लहानशी रेघ ओढतात. ही रेघ म्हणजे रासायनिक बंध, एवढे मुलांना ठाऊक असते. तिच्यामागे एका माणसाची शोकांतिका आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हा १८३१ मध्ये जन्मलेला स्कॉटिश तरुण. पॅरिसमध्ये अडॉल्फ वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत असताना, १८५८ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. कार्बनचे अणू परस्परांशी जोडले जाऊन साखळ्या बनतात, हे त्याचे प्रतिपादन. ही जोडणी त्याने कागदावर रेघांनी दाखविली. निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडण्याची विनंती त्याने वुर्ट्झ यांना केली. वुर्ट्झ तेव्हा अकादमीचे सदस्य नव्हते. काम लांबणीवर पडले. तेवढ्यात, मे महिन्यात, ऑगस्ट केकुले यांचा त्याच आशयाचा निबंध जर्मनीत प्रसिद्ध झाला. कूपरचा निबंध अकादमीपुढे आला तो १४ जून रोजी. केकुले यांनी स्वतंत्रपणेच विचार केला होता. परंतु श्रेय त्यांच्या एकट्याच्या नावे जमा झाले. कूपरने वुर्ट्झ यांना जाब विचारला, तेव्हा त्याला प्रयोगशाळेबाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १८९२ मध्ये निधन होईपर्यंत तो गावी आईच्या देखभालीखाली राहिला; रसायनशास्त्राकडे पुन्हा वळला नाही.

त्याच्या रेघेचा अर्थ मात्र पुढे उलगडत गेला. १९१६ मध्ये अमेरिकेतील गिल्बर्ट ल्युईस यांनी दाखविले की, ही रेघ म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी होय. त्याच वर्षी वाल्थर कोसेल यांनी दुसरा प्रकार स्पष्ट केला : मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने दोघे बांधले जातात. तेथे वाटणी नाही, म्हणून रेघही नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी केकुले यांचेच शिष्य व चरित्रकार रिचर्ड आनशुट्झ यांनी शोध घेऊन कूपरचे कार्य जगापुढे आणले. गुरूच्या श्रेयात वाटेकरी येईल याची त्यांनी पर्वा केली नाही.

सरकारी दप्तरात आयुष्य गेल्याने मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. टेबलावर पडून राहिलेला कागद केवळ कागद नसतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असतो. नातवंडांच्या वहीतील ती रेघ पाहिली की मला हे आठवते.