हिमहंसांचा वाटाड्या : शिकाऱ्याने नेमके काय विकत घेतले?

१/ सन १९२९, जून महिना. कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बोमन उपसागरालगतच्या दलदलीत जे. ड्यूई सोपर हे निसर्गसंशोधक उभे होते. सभोवार निळसर करड्या हंसांची घरटी पसरली होती. हिवाळ्यात लुइझियानाच्या किनाऱ्यावर दिसणारा हा ‘ब्लू गूज’ उन्हाळ्यात अंडी घालायला कोठे जातो, हे कोडे तोवर पक्षिशास्त्राला उलगडले नव्हते. सोपर १९२३ पासून याच शोधात होते.

२/ परंतु ती जागा ‘अज्ञात’ होती ती केवळ पुस्तकांना. केप डॉर्सेट परिसरातील सैला या इनुइट गृहस्थांनी सोपर यांना नकाशा रेखाटून ती आधीच दाखवली होती. तिथवरच्या बर्फाळ प्रवासात सोबतीला होते तेही इनुइटच. त्यांच्या भाषेत या पक्ष्याला ‘कांगुक’ असे नाव पिढ्यान्‌पिढ्या होते. शोधाचे श्रेय मात्र इतिहासात एकाच नावावर जमा झाले.

३/ हिमहंसांच्या शिकारीसाठी वाटाड्या नेमण्याची प्रथा ही वरवर पाहता श्रीमंतांच्या छंदाची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती एका मोठ्या प्रश्नाची गोष्ट आहे : निसर्गाचे ज्ञान कोणाजवळ असते, त्याचा मोबदला कोणाला मिळतो, आणि कायदा लिहिताना ते ज्ञान विचारात घेतले जाते का? तीन शतकांचा हा प्रवास क्रमाने पाहण्याजोगा आहे.

४/ आधी पक्ष्याची ओळख. स्नो गूज, म्हणजे हिमहंस, हा पांढराशुभ्र आणि पंखांची टोके काळी असलेला पक्षी. सोपर यांचा ‘ब्लू गूज’ ही वेगळी जात नसून याच पक्ष्याचे गडद रूप आहे, हे पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे पट्टकादंब हिमालय ओलांडून जायकवाडीला उतरतात, तसे हिमहंस आर्क्टिक प्रदेशातून निघून अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवर हिवाळा काढतात.

५/ या पक्ष्याची शिकार एकट्या परक्या माणसाला सहसा साधत नाही. तो हजारोंच्या थव्याने उतरतो, म्हणजे पाळतीवर हजारो डोळे असतात. थव्यातील वयस्क पक्ष्यांनी अनेक हिवाळे आणि अनेक बंदुका पाहिलेल्या असतात. आजचे शेत उद्या ओस पडते. वारा, भरती, धुके, चाऱ्याची स्थिती या सर्वांचे गणित रोज नव्याने मांडावे लागते. वाटाड्याची खरी विद्या हीच.

६/ या विद्येला मोबदला देणारी पहिली मोठी संस्था क्रीडाप्रेमींची नव्हती, व्यापाऱ्यांची होती. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीने हडसन आणि जेम्स उपसागरांच्या काठी ठाणी उभारली. इंग्लंडहून येणारे धान्य अपुरे पडे. ठाणी जगली ती बऱ्याच अंशी हंसांच्या मांसावर, आणि ते मांस मिळवून देत होते स्थानिक क्री शिकारी.

७/ वसंतात आणि शरदात कंपनी क्री शिकाऱ्यांना कामावर घेई. मोबदला बारूद, छरे आणि मालाच्या रूपात दिला जाई. शिकारी गटाच्या म्होरक्याला कंपनीचे अधिकारी ‘कप्तान’ म्हणत. मारलेले पक्षी मीठ लावून पिंपांत भरले जात, आणि लेखणीसाठीची पिसे इंग्लंडला रवाना होत. लंडनच्या कारकुनाच्या हातातील लेखणीमागे कित्येकदा क्री शिकाऱ्याचा नेम असे.

८/ क्री पद्धत साधी, पण कमालीची प्रभावी होती. विलोच्या फांद्यांचे लपण उभारायचे, मारलेले पक्षी मांडून खोटा थवा रचायचा, आणि तोंडाने हुबेहूब साद घालून उडता थवा खाली बोलवायचा. क्री भाषेत हिमहंसाला ‘वेहवेव’ म्हणतात. उत्तरेतील इंग्रज या पक्ष्याला ‘वेव्ही’ म्हणू लागले, तो शब्द याच भाषाकुळातून आला. विद्येबरोबर शब्दही उसना घेतला गेला.

९/ आता हाच पक्षी हिवाळ्यात जिथे पोचे, त्या दक्षिणेकडे वळू. उत्तर कॅरोलिनातील करिटक खाडीवर एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील धनिकांची शिकारी मंडळे उभी राहिली. करिटक शूटिंग क्लब १८५७ चा. पाहुणे बंदुका घेऊन येत. उथळ पाण्यातून नाव हाकणे, लाकडाचे खोटे पक्षी, म्हणजे डिकॉय, कोरून मांडणे आणि कोणत्या वाऱ्याला कोठे बसायचे हे ठरवणे, ही कामे मात्र खाडीवरचा स्थानिक माणूस करी.

१०/ हा स्थानिक माणूस अनेकदा दोन व्यवसाय सांभाळी. पाहुणे असले की वाटाड्या, नसले की बाजारासाठी शिकार करणारा. पिंपांत भरलेले पक्षी महानगरांच्या बाजारात आणि हॉटेलांत विकले जात. पाहुण्याचा तो छंद, याचा तो चरितार्थ. रेल्वे, बर्फ आणि सुधारलेल्या बंदुका यांनी हा व्यापार इतका वाढवला की पाणपक्ष्यांचे थवे झपाट्याने विरळ झाले.

११/ पूर्व किनाऱ्याने प्रवास करणाऱ्या मोठ्या हिमहंसांची संख्या विसाव्या शतकाच्या आरंभी अवघ्या काही हजारांवर आली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, आणि १९१८ च्या कायद्याने अमेरिकेत तो अमलात आला. बाजारासाठीची शिकार संपली.

१२/ हा करार पक्षिसंरक्षणाच्या इतिहासातील मैलाचा दगड आहे, यात शंका नाही. पण त्यात एक खोल त्रुटी होती. १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात शिकारयोग्य स्थलांतरित पक्ष्यांची शिकार बंद झाली. दक्षिणेतल्या शिकाऱ्याला ही तारीख सोयीची होती, कारण तोवर पक्षी निघून गेलेले असत. उत्तरेत मात्र ते पोचतच एप्रिल-मे महिन्यांत, आणि सप्टेंबरनंतर फार काळ थांबत नसत.

१३/ लांब हिवाळ्याच्या अखेरीस साठे संपत आलेले असताना येणारा हंसांचा थवा हे क्री, डेने आणि इनुइट कुटुंबांचे ताजे अन्न होते. करारातल्या सवलती त्यांना स्कोटर बदके आणि पफिनसारखे काही समुद्रपक्षी देत होत्या, हंस नव्हे. दोनशे वर्षे ज्यांच्या विद्येवर ठाणी जगली, त्यांचीच वसंतातील शिकार एका तारखेने गुन्हा ठरली.

१४/ दक्षिणेतही वाटाड्याचे आयुष्य बदलले. बाजार बंद झाल्यावर पाहुण्यांकडून मिळणारी मजुरीच काय ती उरली. १९३१ मध्ये अमेरिकेत मोठ्या हिमहंसाची शिकार पूर्ण थांबवली गेली, ती १९७५ पर्यंत. १९३४ मध्ये ‘डक स्टॅम्प’ आले. शिकाऱ्याने ते तिकीट घ्यायचे आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखायच्या. १९३५ मध्ये जिवंत डिकॉय आणि दाण्याचे आमिष यांवर बंदी आली. आता वाटाड्याला पक्ष्याइतकाच कायदाही कळावा लागे.

१५/ बंदीतून नवी युक्ती जन्मली. लहान हिमहंसांवर मात्र बंदी नव्हती, आणि टेक्ससमधील ईगल लेकच्या आसपासच्या भातशेतीत त्यांचे प्रचंड थवे उतरत. तिथल्या वाटाड्यांनी वर्तमानपत्राचे कागद, पांढरी फडकी आणि चक्क बाळांचे लंगोट शेतात शेकड्यांनी पसरून थव्याचा भास निर्माण केला. शिकारी पांढरे डगले घालून त्यातच उताणे पडत. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला तो विसावलेला थवा वाटे.

१६/ याच काळात जेम्स उपसागराकाठी हंसांच्या शिकारीचे तळ सुरू झाले. दक्षिणेतले हौशी शिकारी विमानाने येत आणि क्री वाटाड्या त्यांच्या दिमतीला असे. इथे इतिहासाचा विरोधाभास टोकाला पोचतो. शरदात पाहुण्यासाठी साद घालून थवा उतरवणारा क्री माणूस हा मजुरी घेणारा सन्मान्य तज्ज्ञ. तोच माणूस मे महिन्यात आपल्या मुलांसाठी हंस मारी, तेव्हा कायद्याच्या लेखी अपराधी.

१७/ अनेक ठिकाणी अधिकारी कानाडोळा करीत. पण कानाडोळा म्हणजे हक्क नव्हे. मायकेल सिकिया या डेने शिकाऱ्याने मे १९६२ मध्ये यलोनाइफजवळ एक मॅलार्ड बदक मारले. शासनाशी झालेल्या जुन्या तहात त्याच्या समाजाला शिकारीचे आश्वासन मिळालेले होते. तरीही १९६४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. एका बदकाने संपूर्ण करारातील अन्याय उघडा पाडला.

१८/ बदलाची पहिली ठोस पायरी १९७५ ची. जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करारात क्वेबेकमधील क्री आणि इनुइट यांचे शिकारीचे हक्क मान्य झाले. शिकारी सहली चालवण्याच्या व्यवसायातही त्यांना अग्रक्रम मिळाला. म्हणजे वाटाड्या आता केवळ दुसऱ्याच्या तळावरचा मजूर राहिला नाही, स्वतःच्या भूमीवर तळ चालवणारा यजमान होऊ शकला.

१९/ इतक्यात पक्ष्यांचीच कहाणी उलटली. खतांवर पोसलेली भातशेती आणि मक्याची शेते, सुरक्षित अभयारण्ये यांमुळे हिवाळ्यात हंसांचे मरण घटले. उत्तर अमेरिकेच्या मध्य भागातून जाणाऱ्या हिमहंसांची हिवाळी गणना १९६९ मध्ये सुमारे ८ लाख होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती ३० लाखांच्या घरात गेली. ज्यांना वाचवायचे होते ते पक्षी आता मावेनासे झाले.

२०/ त्याचा भार पडला आर्क्टिकवर. मॅनिटोबातील चर्चिलजवळच्या ला पेरूझ उपसागरात १९६८ पासून चाललेल्या संशोधनाने हे तपशिलात दाखवले. हंस गवत मुळासकट उपटतात, उघडी पडलेली जमीन तापते, बाष्पीभवनाने माती खारट होते, आणि मग तिथे दीर्घकाळ गवत उगवत नाही. १९९९ च्या अमेरिकी कायद्याने नोंदवले की हडसन उपसागराच्या सखल किनाऱ्यावरील १,३५,००० एकर खाऱ्या दलदलीपैकी एक तृतीयांश नष्ट झाली होती आणि एक तृतीयांश विनाशाच्या उंबरठ्यावर होती.

२१/ त्या १९९९ सालात दोन निर्णय एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले. पहिला : अमेरिकेने वसंतात हिमहंसांची शिकार खुली केली. रोजची मर्यादा नाही, विजेवर चालणारा आवाज चालेल, बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे चालतील. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर काँग्रेसने नोव्हेंबरमध्ये कायदा करून हे नियम टिकवले. कॅनडानेही वसंतातील विशेष शिकारीला त्याच वर्षी परवानगी दिली.

२२/ दुसरा : १९१६ च्या करारातील दुरुस्ती. तिच्यावर डिसेंबर १९९५ मध्ये सह्या झाल्या होत्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये ती अमलात आली. उत्तरेतील मूलनिवासींच्या वसंतातील शिकारीला अखेर मान्यता मिळाली. त्र्याऐंशी वर्षे जे उत्तरेच्या पोटासाठी नाकारले गेले, ते दक्षिणेच्या बंदुकीलाही त्याच वर्षी खुले झाले. फरक एवढाच की एकाला ते हक्क म्हणून मिळाले, दुसऱ्याला उपाय म्हणून.

२३/ या नव्या नियमांनी वाटाड्याचा व्यवसाय भरभराटीला आणला. फेब्रुवारीपासून वितळत्या बर्फाच्या रेषेमागोमाग आर्कान्सॉ, मिसुरी, नेब्रास्का आणि पुढे डकोटापर्यंत वाटाडे थव्यांचा पाठलाग करतात. शेतमालकाची परवानगी, शेकडो किंवा हजाराहून अधिक डिकॉयची मांडणी, ध्वनियंत्रे, पहाटेपूर्वीची टेहळणी, या सर्वांचे मोल पाहुणा माणशी, दिवसाच्या हिशेबाने चुकते करतो.

२४/ पण बंदुकांनी आर्क्टिक वाचले का? नंतरच्या अभ्यासांतून दिसले की मारलेल्या पक्ष्यांचा आकडा वाढला, तरी मध्यवर्ती मार्गावरचे थवे त्याहून वेगाने वाढत गेले. शिकाऱ्यांकडून जे अपेक्षिले होते ते त्यांच्या आवाक्यातले नव्हते. एका टोकाच्या शेतीने निर्माण केलेला प्रश्न दुसऱ्या टोकाला केवळ छऱ्यांनी सुटत नाही, हा त्यातला धडा.

२५/ पाहुणा वाटाड्याला मजुरी देतो तेव्हा तो पक्षी विकत घेत नाही. पक्षी तर कित्येकदा हुलकावणी देऊन निघून जातो. तो विकत घेतो त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या जगून मिळवलेली जाण. सैलांनी रेखाटलेला नकाशा हे त्या जाणिवेचेच एक रूप होते. १९१६ च्या कराराने तिची विचारपूस केली नाही, आणि ती चूक दुरुस्त व्हायला त्र्याऐंशी वर्षे लागली.

२६/ बोमन उपसागराचा तो परिसर १९५७ पासून स्थलांतरित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पूर्वी त्याला नाव होते ड्यूई सोपर यांचे. दर जूनमध्ये तिथे लाखो हंस उतरतात. हंसांना ही वाट त्यांचे आईबाप दाखवतात. माणसांना ती सैलांनी दाखवली होती.

#इतिहास #थ्रेड #हिमहंस