अर्ध्या पिळाची कुळकथा

दोरीला अर्धा पीळ जास्त दिला तर ती कितीशी आखूड होणार? डोळ्यांना कळणारही नाही. पण कंपाउंड धनुष्याच्या केबलला तेवढा अर्धा पीळ बसतो तेव्हा धनुष्याची दोन चाकं एकमेकांशी जुळतात, नाहीतर बिनसतात. तिरंदाज याला ‘टायमिंग लावणं’ म्हणतात. या कामाची मुळं शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, बिलिंग्ज नावाच्या गावी पोचतो.

तिथले हॉलिस विल्बर ॲलन धनुष्याने शिकार करत. साध्या धनुष्याची प्रत्यंचा जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो. नेम धरण्याच्या नेमक्या क्षणी हातावरचा भार सर्वांत जास्त असतो. ॲलननी धनुष्याची टोकं कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. हेच कंपाउंड धनुष्य. खरी करामत या कप्प्यांच्या भोकात होती. विहिरीवरच्या कप्पीचा आस बरोबर मधोमध असतो, ॲलनच्या चाकाचा आस एका कडेला सरकलेला होता. त्यामुळे चाक फिरू लागलं की प्रत्यंचेची तरफ लांबत जाते आणि दोन टोकं जोडणाऱ्या केबलची आखूड होते. ओढताना सुरुवातीला भार चढतो, मग एक शिखर येतं आणि पुढे तो उतरतो. या उताराला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. आजच्या धनुष्यांत हा उतार इतका मोठा असतो की शिखरावर ५० पौंड ओढणारा हात नेम धरताना जेमतेम १०-१५ पौंड पेलतो.

जुन्या वळणाच्या अनेक तिरंदाजांना हे धनुष्यच वाटेना. कॅलिफोर्नियातले धनुष्यकार टॉम जेनिंग्ज यांनी मात्र त्याची किंमत ओळखली आणि ते बनवून विकायला काढलं. ॲलन १९७९ मध्ये मोटार अपघातात गेले. त्यांच्या चाकांनी पुढे कोणकोणते आकार घेतले, ते पाहायला ते राहिले नाहीत याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण त्या चाकांबरोबर एक नवं दुखणंही जन्माला आलं होतं. औताच्या जोडीतला एक बैल पुढे गेला की तास वाकडं होतं. धनुष्याचंही तसंच. वरचा कॅम, म्हणजे असं आस सरकलेलं चाक, आधी पुरा फिरला आणि खालचा मागे राहिला, तर प्रत्यंचेवरचा बाणाचा ठिकाणा सरळ न जाता वरखाली सरकतो आणि बाण शेपूट हलवत निघतो. पूर्ण ओढल्यावर भिंतीला टेकल्यासारखा जो ठाम थांबा लागायला हवा, तो दोन टप्प्यांत लागतो, बिलबिलीत लागतो.

सुरुवातीच्या धनुष्यांत केबल पोलादी असायच्या. त्यांना पीळ देऊन लांबी बदलणार कशी? पुढे कृत्रिम धाग्यांच्या केबल आल्या आणि टायमिंग पिळाच्या हातात गेलं. पण धागा वापरानं किंचित लांबतो, म्हणून आज लावलेलं टायमिंग काही महिन्यांनी पुन्हा पाहावं लागतं. ते पाहायची रीत साधी आहे. धनुष्य ड्रॉ बोर्डवर अडकवून हळूहळू ओढायचं आणि दोन्ही कॅमचे थांबे एकाच वेळी टेकतात का ते निरखायचं. नसतील टेकत, तर धनुष्य बो प्रेसमध्ये दाबून ताण उतरवायचा, एका केबलला अर्धा पीळ द्यायचा किंवा सोडायचा, आणि पुन्हा ओढून बघायचं. कोणत्या केबलला, हे त्या धनुष्याच्या बांधणीवर ठरतं. प्रेसशिवाय केबल सोडायला जाऊ नये. धनुष्याच्या वाकलेल्या पात्यांत साठलेला जोर माणसाला गंभीर इजा करू शकतो.

कॅम न जुळण्याच्या या दुखण्यावरच्या उपायांतूनच कॅमच्या पुढच्या पिढ्या निघाल्या, असं माझं मत आहे. १९९० च्या दशकात मॅट मॅकफर्सन यांच्या मॅथ्यूज कंपनीने एका टोकाला कॅम आणि दुसऱ्या टोकाला साधी गोल कप्पी असं धनुष्य लोकप्रिय केलं. जुळवायला दुसरा कॅमच उरला नाही. नंतरच्या बायनरी रचनेत दोन्ही कॅम केबलांनी एकमेकांनाच बांधले गेले. एक फिरला की दुसऱ्याला फिरावंच लागतं. तरीही दोन्ही केबलांची लांबी तंतोतंत लागतेच, म्हणजे पीळ काही सुटला नाही.

आपल्याकडे कंपाउंड तिरंदाजीची विद्या साताऱ्यात रुजलेली दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याचे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या दोन शिष्यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. १७ वर्षांच्या अदिती स्वामीने अंतिम फेरीत १४९ गुण केले. नागपूरहून साताऱ्याला शिकायला आलेल्या ओजस देवतळेने १५ बाणांत १५० पैकी १५०. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे तळहाताएवढं. त्यात १५ च्या १५ बाण! हात आणि मन ओजसचंच, पण त्या दिवशी त्याच्या धनुष्याचे दोन्ही कॅमही एकाच क्षणी टेकत असणार.