अर्धवट राहिलेले शिक्षण आणि श्रेयांकांचा इतिहास

प्रवेशाच्या दिवसांत सोसायटीच्या कचेरीत नाना तऱ्हेची माणसे येतात. गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आली. हातात कागदपत्रांची पिशवी होती. त्या पिशवीत कला शाखेच्या पहिल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका होत्या. तिसऱ्या वर्षी लग्न झाले आणि कॉलेज सुटले. मुले मोठी झाल्यावर तिने नगरपरिषदेत कंत्राटी लिपिकाची नोकरी धरली आणि रात्री मोबाईलवर अभ्यास करून तीन प्रमाणपत्रे मिळविली. आता तिला लोकप्रशासनाची पदवी हवी होती. कागद टेबलावर मांडून तिने एकच प्रश्न विचारला, "सर, हे सगळं धरलं तर माझं किती उरलं?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही. परंतु हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या समाजात शिक्षण मध्येच सुटलेल्या मुली आणि रोजगारासाठी आखातात किंवा मुंबईला गेलेले तरुण घरोघरी आहेत. एका ठिकाणी घेतलेले शिक्षण दुसऱ्या ठिकाणी धरले जावे की नाही, या प्रश्नाला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर आजच्या नियमांचा अर्थही उमजतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी विद्या ही जागेशी बांधलेली होती. ज्या कॉलेजात बसलात त्याच कॉलेजाची पदवी, असा सर्वत्र रिवाज होता. त्याला पहिला मोठा छेद दिला तो लंडन विद्यापीठाने. १८३६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने १८५८ च्या सनदेनुसार संलग्न कॉलेजात हजर असण्याची अट काढून टाकली. कोठेही शिका, परीक्षा आमची द्या आणि उत्तीर्ण झालात तर पदवी घ्या, असे हे धोरण होते. याच विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना पदवीचा दरवाजा उघडला. आपण ज्याला बहिःस्थ विद्यार्थी म्हणतो त्याची परंपरा येथून सुरू होते.

आपले मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्याच नमुन्यावर उभे राहिले. तेही प्रारंभी केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. परंतु लंडनने पुढच्याच वर्षी जी अट सोडली ती आपल्याकडे कायम राहिली. संलग्न कॉलेजात हजेरी भरल्याखेरीज परीक्षेला बसता येत नसे. शहरातल्या मुलाला ही अट जड नव्हती. खेड्यातल्या मुलाला, नोकरी करणाऱ्याला आणि घराबाहेर पडणे कठीण असलेल्या मुलीला मात्र ती भिंतीसारखी होती.

लंडनने जागेची अट सोडली खरी, पण शिक्षण मोजायचे कसे, हा दुसरा प्रश्न शिल्लक होता. त्याचे उत्तर अमेरिकेत मिळाले आणि तेही मोठ्या गमतीच्या मार्गाने. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या आपल्या दीर्घ कारकिर्दीत विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक दिली. प्रत्येक जण वेगळे विषय घेऊ लागल्यावर सर्वांना एकाच मापाने मोजण्याची गरज निर्माण झाली. पुढे १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजातील प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. आता निवृत्तिवेतन कोणत्या कॉलेजांना द्यायचे? म्हणजेच खरे कॉलेज कोणते? कार्नेगी प्रतिष्ठानने ठरविले की, जे कॉलेज प्रवेशासाठी हायस्कुलातील ठराविक मापाचे शिक्षण मागते तेच पात्र. एका विषयाचे वर्षभरातील १२० तास म्हणजे एक माप, आणि अशी १४ मापे प्रवेशाला हवीत. निवृत्तिवेतनाच्या आशेने कॉलेजांनी हे माप स्वीकारले आणि त्याच धर्तीवर कॉलेजातील अभ्यासही तासांच्या हिशेबाने मोजला जाऊ लागला. त्यालाच पुढे क्रेडिट म्हणू लागले. मराठीत आपण श्रेयांक म्हणतो.

श्रेयांक म्हणजे हुशारीचे माप नव्हे. गुण हे विद्यार्थ्याला किती आले ते सांगतात, तर श्रेयांक हा त्याने किती अभ्यास पुरा केला ते सांगतो. वाण्याच्या दुकानात तांदळाचा दर्जा वेगळा आणि वजन वेगळे, तसेच हे आहे. वजनाचे माप सर्वत्र सारखे असेल तरच एका गावचा माल दुसऱ्या गावी मोजून घेता येतो. पण येथेच एक मेख आहे. माप सारखे असले तरी समोरच्या दुकानदाराला तो माल हवा की नको, हे तोच ठरवितो. श्रेयांकांचा सारा पुढील इतिहास या एका वाक्यात सामावला आहे.

इंग्लंडमध्ये १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरोल्ड विल्सन यांनी आकाशवाणी व दूरचित्रवाणीच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. मंत्री जेनी ली यांनी ती नेटाने तडीस नेली. १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि १९७१ साली शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट नव्हती. साधी पदवी सहा श्रेयांकांची आणि ऑनर्स पदवी आठ श्रेयांकांची होती. ज्याने अन्यत्र काही उच्च शिक्षण घेतले असेल त्याला काही श्रेयांकांची सूट मिळे. गिरणीतला कामगार व घरातली गृहिणी आपापल्या सवडीने एकेक श्रेयांक जमवीत पदवीपर्यंत पोहोचू लागली. युरोपात १९८९ साली विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशात शिकता यावे म्हणून वर्षाला ६० श्रेयांकांची समान पद्धत आखली गेली.

आपल्या देशात पहिले पाऊल १९६२ साली पडले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशीनंतर दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. टपालाने पाठ घरी येत व उत्तरे टपालाने जात. मात्र श्रेयांकाचे माप तेथे नव्हते, वार्षिक परीक्षाच होती. नापास झाला किंवा मध्येच सोडले तर हाती फार थोडे उरत असे.

यापुढील प्रकरण लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९८२ साली हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ते देशातील पहिले मुक्त विद्यापीठ असून आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी होते. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू निघाले, त्याचेही पहिले कुलगुरू तेच. हे राम रेड्डी मूळचे उस्मानिया विद्यापीठातील लोकप्रशासनाचे प्राध्यापक. पंचायत राज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सरकारी योजना गावापर्यंत का पोहोचत नाही, याचा विचार करणाऱ्या माणसाच्या हातून विद्यापीठ घरापर्यंत पोहोचविण्याचे काम व्हावे, हा योगायोग नसावा असे मला वाटते.

इग्नूने ३० तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक हे माप धरले. या तासांत वर्गातील बसणे नव्हे, तर घरचे वाचन, स्वाध्याय, संपर्कवर्ग असे सारे येते. ही गोष्ट क्रांतिकारक होती. कार्नेगीच्या मापात शिक्षकासमोर बसलेला तास मोजला जाई. येथे विद्यार्थ्याने स्वतः केलेला अभ्यास मोजला गेला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि डॉ. राम ताकवले यांच्यासारखे दृष्टे कुलगुरू त्याला लाभले. त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्यांनाही ही वाट खुली झाली.

एकविसाव्या शतकात टपालाची जागा संगणकाने घेतली. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. त्यापूर्वीच, २०१६ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेण्यास मुभा दिली होती. २०२१ साली ती मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे नियम निघाले. बँकेत जसे पैशाचे खाते तसे हे श्रेयांकांचे खाते असते. विद्यार्थी ते उघडतो, पण त्यात श्रेयांक जमा करते ती संस्था. विद्यार्थ्याला स्वतः भरणा करता येत नाही. जमा श्रेयांक साधारणतः सात वर्षे टिकतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेच पाहिजेत. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची असेल तर त्यातील ६० तरी तेथेच शिकून मिळवावे लागतात. २०२२ साली आयोगाने हेही स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या पिशवीकडे वळू. तिच्या कॉलेजच्या गुणपत्रिका २०२१ पूर्वीच्या. श्रेयांक पेढी २०२१-२२ पासूनचे शिक्षण धरते, म्हणून त्या पेढीत जाऊ शकल्या नाहीत. तीन ऑनलाइन प्रमाणपत्रांपैकी एकाची परीक्षा तिने केंद्रावर जाऊन दिली होती. बाकीची दोन एका खासगी वर्गाने "पदवीत धरतो" असे सांगून फी घेऊन दिलेली होती. त्यांना कोठेच किंमत आली नाही. फी गेली ती गेलीच, पण त्याहून जास्त जिवाला लागले ते रात्रीचे जागरण. "पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल सर, पण तेवढे दिवस?" असे ती म्हणाली तेव्हा मला शब्द सुचेना.

पुढे तिने विद्यापीठाशी लेखी पत्रव्यवहार केला. जुन्या दोन वर्षांतील प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम कॉलेजातून छापील मिळविला, कारण नुसते विषयाचे नाव पाहून कोणी निर्णय देत नाही. काही विषय धरले गेले, काही पुन्हा द्यावे लागणार आहेत, आणि केंद्रावर परीक्षा दिलेल्या त्या एका प्रमाणपत्राचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. तिचे सगळे उरले नाही आणि सगळे गेलेही नाही. आज ती प्रवेश घेऊन शिकत आहे.

यावरून पालकांनी व विद्यार्थ्यांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पदवी कोणत्या विद्यापीठाची घ्यायची ते आधी ठरवावे आणि मगच बाहेरचा ऑनलाइन विषय घ्यावा. क्रम उलटा झाला की फसगत होते. दुसरी, तो विषय आपल्या पदवीत धरला जाईल काय, हे विद्यापीठाकडून आगाऊ व लेखी विचारून घ्यावे. वर्गचालकाच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नये. तिसरी, प्रमाणपत्रामागे परीक्षा आहे काय आणि त्यावर श्रेयांकांची संख्या छापलेली आहे काय, ते पाहावे. चौथी, गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत व स्थलांतर प्रमाणपत्र जिवापाड जपावे. मुलीचे कॉलेज सुटत असेल तर दागिन्यांबरोबर तिचे हे कागदही सासरी पाठवा, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.

१८५८ साली लंडनने जागेची अट काढली, अमेरिकेने अभ्यासाला माप दिले, मुक्त विद्यापीठांनी ते माप घरी आणून दिले आणि श्रेयांक पेढीने त्याचे खाते उघडले. यांतील एकही पाऊल आपोआप पडले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी "माझे शिकणे वाया का जावे?" असा प्रश्न धरून ठेवला होता. नगरपरिषदेच्या कचेरीत टेबलामागे बसून लोकांचे अर्ज स्वीकारणाऱ्या आमच्या त्या मुलीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. उद्या ती लोकप्रशासनाची पदवीधर होईल, तेव्हा तिच्या टेबलापुढे उभ्या राहणाऱ्या अडाणी बाईला कोणता कागद हवा आणि तो का हवा, हे ती अधिक आपुलकीने सांगेल, याबद्दल मला शंका नाही.