११० फुटांची तडजोड

धरण म्हटलं की आपल्याला साठवलेलं पाणी आठवतं. अमेरिकेतल्या ओहायो नदीवरची धरणं मात्र बोटीच्या तळाखाली पुरेसं पाणी राहावं म्हणून बांधली आहेत. गंमत म्हणजे, ज्यांच्यासाठी ती बांधायची होती, त्या बोटवाल्यांनीच सुरुवातीला कडाडून विरोध केला.

ओहायो पिट्सबर्गला सुरू होते आणि सुमारे १५८० किलोमीटर वाहून मिसिसिपीला मिळते. एकोणिसाव्या शतकात पिट्सबर्गचा कोळसा याच वाटेने सिनसिनाटी, लुईव्हिलला जायचा. पण कोरड्या महिन्यांत नदी इतकी उतरायची की काही ठिकाणी माणूस चालत पलीकडे जाई. भरलेले बार्ज पाऊस पडून पाणी चढेपर्यंत काठाला अडकून पडत.

लष्करी इंजिनियर विल्यम मेरिल यांचा उपाय सोपा होता. ठरावीक अंतरावर बंधारे घालून नदीच्या पायऱ्या करायच्या आणि प्रत्येक पायरीला एक लॉक ठेवायचं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घेऊन दार लावायचं. झडपेतून वरचं पाणी आत सोडलं की बोट वर येते, हौदातलं पाणी खाली सोडलं की खाली जाते. पंप लागत नाही, सगळं काम उतारच करतो.

बोटवाले म्हणाले, नदीला पाणी असतं तेव्हा आम्ही कुठेही न थांबता जातो. तुमच्या लॉकपाशी ताफा सोडवायचा, तुकड्यातुकड्याने पार करायचा, पुन्हा बांधायचा, हे कोण करणार?

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा आक्षेप मला फार ओळखीचा वाटतो. अडचणीच्या दिवसांवर उपाय करताना चांगले दिवस बिघडवायचे नसतात.

मेरिल यांनी दोन बदल केले. फ्रेंच इंजिनियर शानोआन यांच्या पद्धतीचा, पाडता येणाऱ्या फळ्यांचा बंधारा घेतला. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढून ठेवतात. इथे पाणी चढलं की फळ्या नदीच्या तळाशी आडव्या पाडायच्या आणि बोटी थेट वरून जायच्या. दुसरं म्हणजे, मोठा ताफा मावावा म्हणून लॉक ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब केलं. बिजागरीवर पेलणार नाहीत इतकी मोठी दारं झाली, म्हणून ती रुळांवरून बाजूला सरकवायची ठरवली. पिट्सबर्गजवळचं हे डेव्हिस आयलंड लॉक ७ ऑक्टोबर १८८५ रोजी सुरू झालं.

विरोध हळूहळू मावळला. पुढे पिट्सबर्गपासून मिसिसिपीपर्यंत किमान ९ फूट खोलीचा मार्ग तयार झाला. ऑक्टोबर १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर त्याच्या सोहळ्याला सिनसिनाटीत आले. आठवड्याभरात शेअर बाजार कोसळला, पण नदीची वाट उघडी राहिली.

आज तिथला नेहमीचा बार्ज ३५ फूट रुंद असतो. तीन शेजारी लावले की १०५ फूट होतात आणि ११० फुटांत नेमके बसतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ओल्मस्टेड धरणाची लॉक्स १२०० फूट लांब आहेत, पण रुंदी तीच, ११० फूट. त्या धरणाच्या एका भागात आजही पाडता येणारी झडपं आहेत. फक्त लाकडाऐवजी पोलादाची.

बोटवाले तेव्हा निमूटपणे गप्प बसले असते, तर कदाचित अरुंद लॉक बांधलं गेलं असतं, आणि आज सगळी नदी त्याच मापात अडकली असती.