म्हैसूरचे महाराज आणि मेटनरच्या ध्वनिमुद्रिका

म्हैसूर दरबाराचा संगीताश्रय महाराष्ट्राला अपरिचित नाही. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्या दरबारात गात असत, हे रसिक जाणतातच. परंतु याच राजघराण्याने लंडनमधील एका रशियन संगीतकाराचे संगीतही जतन केले, ही हकीकत फारशी कोणाला ठाऊक नाही.

निकोलाय मेटनर १९३५ पासून लंडनमध्ये राहत होता. रखमानिनॉफसारखा थोर कलावंत त्याला मानी. पण नव्या पंथाच्या लोकांना त्याचे संगीत जुनाट वाटे आणि सामान्य श्रोत्याला अवघड. अशा संगीताला बाजार नसतो. त्या वेळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटांचे वादन मावे. अर्ध्या तासाच्या रचनेला चार-चार तबकड्या लागत, आणि खपाची शाश्वती नसता कोणती कंपनी हा व्याप करील? यावर तोड म्हणून वर्गणीदारांची मंडळे निघाली होती. १९३१ मधील ह्यूगो वोल्फ मंडळ हे त्यांपैकीच. आधी वर्गणी, मग मुद्रण. मेटनरसाठी मात्र द्रव्य म्हैसूरहून आले.

१९४० साली गादीवर आलेले जयचामराज वाडियार स्वतः पियानो शिकले होते. पुढे कर्नाटक पद्धतीच्या कृतीही त्यांनी रचल्या. त्यांच्या आश्रयाने लंडनमध्ये मेटनर मंडळ निघाले. १९४७ मध्ये वृद्ध मेटनरने आपले तिन्ही पियानो कॉन्चेर्टो फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह स्वतः वाजवून मुद्रित केले. ‘हिज मास्टर्स व्हॉईस’ने मंडळाचे तीन संच काढले. तिसरा कॉन्चेर्टो त्याने महाराजांनाच अर्पण केला.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. त्याच १९४७ च्या शरद ऋतूत ‘म्हैसूर चलो’ चळवळ पेटली होती. प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती, आणि ऑक्टोबरात ती मान्य झाली. अशा वेळी परदेशी पियानोवर खर्च करणे योग्य होते काय? प्रजेला विचारून तो झाला नव्हता, ही उणीव खरीच. तथापि, केवळ मागणीवर विसंबले असते, तर १९५१ साली मेटनर निवर्तला तेव्हा त्याचे हे वादनही त्याच्याबरोबरच नाहीसे झाले असते.

संस्थाने गेली, राजाश्रय संपला. परंतु ज्या संगीताला आज गिऱ्हाईक नाही, ते उद्याच्या श्रोत्यासाठी कोणी राखावे, ही जबाबदारी काही संपलेली नाही. ती आता प्रजेच्या संस्थांकडे आली आहे. आणि प्रजेला हिशेब देऊनच ती पार पाडावी लागेल.